चौदावं नाव

एका पत्राचं उत्तर फूंग सरांनी कधी दिलं नव्हतं. पण ते पत्र कुठे आहे हे त्यांना पंचेचाळीस वर्षं रोज ठाऊक होतं. भिंतीकडच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, मोठ्या शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात. मधल्या काळात घर एकदा बदललं, कपाट वाळवीनं खाल्लं म्हणून नवं आलं, पण पत्र त्या खंडातून हललं नाही. लिहिताना एखादा शब्द अडावा आणि तो नेमका तिसऱ्या खंडात पडावा, असं झालं की सर खंड काढत नसत, वाक्य बदलत. आपल्या लिहिण्यात काही शब्द कधीच का येत नाहीत, असं कुणी विचारलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती. विचारणारं कुणी नव्हतं म्हणा. सरांचं लेखन वाचलं होतं कुणी? ग्रंथालयाच्या नोंदी, भित्तिपत्रकं, वारलेल्या शिक्षकांवर लिहिलेले चार शब्द, एवढंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रथमच त्यांच्या नावानिशी काही छापून येणार होतं. शाळेच्या शताब्दी ग्रंथातलं तिसरं प्रकरण, ‘अंधारातली वर्षं’. बत्तीस पानं. ती लिहायला त्यांना दोन वर्षं लागली होती आणि प्रत्येक पान लिहून झाल्यावर त्यांना वाटलं होतं, हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ते अर्धकच्च्या अंड्यांवर मिरपूड घालत होते. फोन ते स्वतःहून कधी उचलत नसत. बायकोनं, लानमोयनं, तो उचलून त्यांच्या कानाला लावला. पलीकडे शीटिंग होती, शाळेतली इतिहासाची शिक्षिका, ग्रंथाचं संपादन तिच्याकडे होतं.

“सर, एक बारीकशी शंका. बाहत्तरच्या वर्गाच्या फोटोत चौदाजण आहेत. तुमच्या यादीत तेराच नावं.”

“मोजण्यात चूक झाली असेल.”

“तीनदा मोजले. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. जाड चष्मा, कानाच्या वर कापलेले केस, अगदी मुलासारखे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ही एकटी बाजूला बघतेय. कोण ती?”

समोरच्या बशीतला पिवळा बलक हळूहळू पसरत होता. सरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, “आठवत नाही.”

“काय सांगता! तुम्हाला? तुम्हाला तर कुठल्या साली कुठल्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर कुणी फाडलं तेसुद्धा आठवतं,” शीटिंग हसली. “बघा बाई आठवून. शुक्रवारी पानं छपाईला जातायत.”

फोन ठेवला तरी हात कानापाशीच राहिला होता. यादी त्यांनी स्वतः केली होती. हजेरीपटावरून उतरवली, दोनदा ताडून पाहिली, शुद्ध प्रत काढली. चौदा नावांपैकी एक गळलं आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. मुद्दाम वगळलं असतं तर ते निदान स्वतःला शिव्या देऊ शकले असते. पण हात त्या ओळीवरून परस्पर पुढे गेला होता, वाटेतला खड्डा ओळखीचा असला की पाय जसा आपोआप बाजूला पडतो तसा. याप साउखेंग. नाव आठवायला तोंडही उघडावं लागत नव्हतं. वाराचं किंवा ऋतूचं नाव कुणी आठवतं का?

बासष्ट साली मलय मुलखात सरकारनं चिनी माध्यमिक शाळांना सांगितलं होतं, इंग्रजीतून शिकवा, पगार आणि खर्च आम्ही देतो. चिनीतूनच शिकवायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा. शाळेच्या मंडळानं चार रात्री भांडून अखेर दोन्ही केलं. रस्त्याकडची दगडी इमारत, तिचं घड्याळ, प्रयोगशाळा, सगळं अनुदान घेणाऱ्या शाळेकडे गेलं. मागच्या बाजूला, जिथे पूर्वी सायकली ठेवत, तिथे पत्र्याच्या दोन शेड उभ्या राहिल्या आणि त्यांना ‘स्वतंत्र’ शाळा म्हणू लागले. मधे तारेचं कुंपण. एकाच बापाच्या दोन पोरांनी वाटणी करून घ्यावी तसं झालं होतं. फूंग सर तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. कुंपणाच्या पलीकडे पगार दुप्पट होता. ते अलीकडे राहिले ते काही बाणेदारपणामुळे नव्हे. पलीकडे जायचं तर मुलाखत द्यावी लागणार होती, तीही इंग्रजीत, आणि त्या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला होता. पुढे लोक त्यांना निष्ठावंत म्हणू लागले. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

पण त्या शेड! दुपारी पाऊस आला की पत्र्यावर असा मारा व्हायचा की शिकवणं बंद करून फळ्यावर लिहायला लागायचं, आणि मुलं ते उतरवून घेत बसायची; पाऊस थांबला की सगळा वर्ग एकदम बहिरा झाल्यासारखा गप्प. पाठ्यपुस्तकं बाजारात नव्हती, म्हणून शिक्षक ती स्वतः लिहून मेणाच्या कागदावर कोरत आणि हातयंत्रावर छापत. भूगोल शिकवणाऱ्यांच्या बाह्या कायम शाईनं निळ्या. वर्षातून एकदा शहरातले शेवयावाले आणि कॉफीवाले एक दिवस शाळेच्या नावानं धंदा करत आणि गल्ला शाळेला देत. त्या दिवशी मुख्याध्यापक टेबलं पुसायचे आणि मुलं कपबशा विसळायची. गिऱ्हाईकं पोट भरलेलं असतानाही दुसरी वाटी मागवत. सरांकडे ग्रंथालय होतं, म्हणजे तीनशे दहा पुस्तकं आणि एक कुलूप. संध्याकाळी चुनखडीच्या टेकड्या जांभळ्या व्हायच्या आणि कथिलाच्या खाणीच्या लालसर पाण्याचा तो वास शेडमध्ये भरायचा. आजही कुठे ओल्या मातीत पत्रा तापला की तो वास येतो आणि सरांना क्षणभर आपल्या हातात खडू आहे असं वाटतं.

पुढे सरकारी शाळांतली प्रवेशपरीक्षा उठली. कुणीही पोर फुकट आत. मग स्वतंत्र शाळेत कशाला कोण येतंय? सदुसष्टच्या सुरुवातीला पहिल्या वर्गात नऊ मुलं होती. मुख्याध्यापकांनी शिक्षकांना गल्ल्या वाटून दिल्या; प्रत्येकानं घरोघर जाऊन मुलं आणायची. गणितवाल्यांनी पाच आणली. व्यायामाच्या शिक्षकांनी तर सात, त्यातले तीन भाऊ. रोज संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहीत. फूंग सरांच्या नावापुढे शून्य होतं, आणि कुणीतरी विनोदी माणसानं त्या शून्याला दोन डोळे आणि तोंड काढलं होतं.

घरात जाऊन बोलणं त्यांना जमेना. दारापर्यंत जात आणि पुढच्या गल्लीत वळत. याप न्हाव्याचं दुकान बरं वाटलं, कारण तिथे शिरायला निमित्त लागत नव्हतं. पहिल्यांदा गेले, केस कापून घेतले, काही न बोलता परत आले. पाचव्या दिवशी पुन्हा गेले. आणखी आठवड्यानं तिसऱ्यांदा खुर्चीत बसले तेव्हा यापनं वस्तरा खाली ठेवला.

“मास्तर, आता काय कापू? कवटी?” दुकानातली सगळी गिऱ्हाईकं हसली. “तुमच्या डोक्यात काय आहे ते तोंडावाटे काढा बरं, कात्रीनं निघणारं नाही ते.”

भिंतीलगतच्या बाकावर यापची दहा-बारा वर्षांची मुलगी, साउखेंग, बसली होती. ती गिऱ्हाइकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. अर्ध्यांना वाचता येत नव्हतं आणि बाकीच्यांना फुकटात ऐकायला आवडायचं. अवघड शब्दाला अडखळत नव्हती. तिला सरकारी शाळेचं पत्र आलेलं होतं, ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं. सरांनी आरशात बघूनच बोलायला सुरुवात केली. समोरासमोर बोलले असते तर जमलंच नसतं. भाषा, पूर्वज, आपली अक्षरं, जे जे मुख्याध्यापकांनी सांगायला सांगितलं होतं ते सगळं बोलून झालं. यापनं ऐकून घेतलं आणि गालावर साबण फासत विचारलं, “ते सगळं ठीक. मी अडाणी माणूस, एकच विचारतो. हिला मास्तरीण व्हायचंय. हिची आई दिवसभर ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाकडी थाळ्यात कथील चाळते. ही तिथे जायला नको. तुमच्या शाळेत शिकली तर मास्तरीण होईल ना?”

वस्तरा गळ्याजवळ होता. पण वस्तऱ्याचं निमित्त खोटं. सर म्हणाले, “होईल. मी शब्द देतो.”

सरकारी शिक्षक-महाविद्यालय स्वतंत्र शाळेचा दाखला मानत नाही, हे त्यांना माहीत होतं. शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी फळ्यावर शून्याचा एक झाला.

सहा वर्षं. ती सहा वर्षं सरांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, आणि हेच त्यांना कुणाला सांगता येत नसे. साउखेंगनं तीनशे दहाच्या तीनशे दहा पुस्तकं वाचली. मग कुरकूर करू लागली. “सर, कपाट संपलं.” तेव्हा सर स्वतःची पुस्तकं सायकलला अडकवून आणू लागले. ती परत देताना पानांमध्ये चिठ्ठ्या ठेवायची: ‘हा माणूस इतका का रडतो?’ ‘शेवट घाईत केला आहे.’ आपल्याशी कुणीतरी पुस्तकांबद्दल बोलतंय, याचं सुख सरांना आधी माहीत नव्हतं. काही मुलं बाहेरून सरकारी परीक्षा देतात, ही कुजबुज तेव्हा सुरू झाली होती. मुख्याध्यापकांना ते शाळेच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटे. साउखेंगला तू ती परीक्षा दे, असं एकदा तरी सांगायला हवं होतं. सर रोज तिच्याशी पुस्तकांवर बोलले आणि हे बोलले नाहीत. सांगायला गेलो तर आधी का नाही सांगितलं, असं ती विचारेल. म्हणून आज नको, उद्या. उद्या उद्या करत बाहत्तर साल संपलं, फोटो काढला गेला, आणि फोटो काढताना ती कुणाकडे बघत होती हे शीटिंगला कळणं शक्य नव्हतं. फोटोच्या चौकटीबाहेर फूंग सर उभे होते. शिक्षकांच्या रांगेत बसायला ते लाजले होते.

पत्र चौऱ्याहत्तरमध्ये आलं, पिनांगहून, रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या वसतिगृहातून. अक्षर तेच, उभं आणि घट्ट. अर्ज परत आला, दाखला यादीत नाही म्हणाले. वडील दुकानात जाऊन बसले. हा दाखला चालतो त्या तैवानला जायचं तर बोटीचं भाडंसुद्धा नाही. इथे दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बारीक तारा जोडते, चष्म्याचा नंबर वाढला आहे. मग एक रिकामी ओळ. आणि, ‘सर, मला एवढंच विचारायचं आहे. त्या दिवशी दुकानात तुम्हाला माहीत होतं का? हो की नाही, इतकंच कळवा. बाकी काही लिहू नका.’

सरांनी बाकीचंच लिहिलं. पहिल्या महिन्यात अकरा मसुदे केले. काळ कसा होता, शाळा कशी बुडत होती, एकेक मूल म्हणजे कसा एकेक श्वास होता. वाचून पाहिलं की वाक्यं चांगली वाटायची आणि म्हणूनच ती फाडून टाकावीशी वाटायची. मग महिने झाले, मग वर्षं, आणि मग इतक्या उशिरा उत्तर देणं हा उद्धटपणाच दिसेल असं वाटू लागलं. तोवर शाळा उठून उभी राहिली होती. शहरानं पुन्हा हात दिला, सगळ्या स्वतंत्र शाळांची मिळून एक परीक्षा सुरू झाली, पत्र्याच्या जागी सिमेंट आलं. सगळं मार्गी लागलं म्हणताना एक मुलगी मागे राहिली, तर तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

“अंडी गार झाली,” लानमोय म्हणाली. ती समोर बसून भाजी निवडत होती. “आठवत नाही म्हणे! शब्दकोशातलीच ना ती?”

सरांनी मान वर केली.

“वाळवी लागली तेव्हा कपाट कुणी रिकामं केलं? तू? तू तर दारात उभा राहून ‘सांभाळून, सांभाळून’ करत होतास. पडलं पत्र, वाचलं मी. तेहतीस वर्षं झाली त्याला.”

“बोलली नाहीस कधी.”

“मी कशाला बोलू? मला आलं होतं का ते?” तिनं किडकं पान बाजूला टाकलं. “वाट बघत होते, म्हातारा कधी बोलतोय. दर नवीन वर्षाला वाटायचं, या वर्षी बोलेल. हो की नाही एवढंच तर विचारलंय पोरीनं. तुला बत्तीस पानं लिहिता येतात, एक अक्षर लिहिता येत नाही?”

ती उठून आत गेली. सरांनी गार अंडी पुढे ओढली. राग यायला हवा होता. त्याऐवजी कुणीतरी एवढी वर्षं आपल्या शेजारी जागं बसलं होतं, असं काहीतरी विचित्र वाटलं.

बुधवारी ते शाळेत गेले. फाटकाबाहेर पालकांची रांग होती. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाच्या मुलाखती. एक बाप मुलाच्या शर्टाची कॉलर नीट करत त्याच्याकडून काहीतरी घोकून घेत होता. ज्या शाळेनं दारोदार जाऊन पोरं मागितली ती आता गुण कमी म्हणून पोरं परत पाठवते, हे सरांनी ग्रंथात अभिमानानं लिहिलं होतं. अठराशे मुलं. दाखला सरकारी विद्यापीठांत अजूनही चालत नाही, तैवानात चालतो, ऑस्ट्रेलियात चालतो, ज्याच्या बापाला झेपतं त्याचा चालतो. दर निवडणुकीला कुणीतरी आता चालेल म्हणतं. चांगले शिक्षक सिंगापूरला जातात. ज्या जागी दुसरी शेड होती तिथे लिफ्ट होती, आणि तिच्यात शिरताना सरांना आपण कुणाच्या तरी बाकावर पाय देतोय असं वाटलं.

शीटिंगच्या टेबलावर खर्डे पसरलेले होते. “याप साउखेंग,” सर उभ्याउभ्याच म्हणाले. “मला आठवत होतं. काल खोटं बोललो.”

“बसा तर खरं, सर. पाणी आणू?”

त्यांनी खिशातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. हे प्रकरणात, यादीच्या आधी घालायचं. शीटिंगनं वाचलं. परिच्छेद सात ओळींचा होता. त्या चौदाजणांपैकी काहींना काय सांगून शाळेत आणलं गेलं आणि सांगणाऱ्यांपैकी एक मी होतो, इतकंच त्यात होतं. तिनं पुन्हा वाचलं.

“मंडळ हे छापायचं नाही, सर. शताब्दीला मंत्री येणार आहेत. त्यांच्यापुढे आपणच म्हणायचं, आम्ही पालकांना फसवलं?”

“मंडळानं नाही. मी.”

“ते कळतंय हो मला. त्यांना कसं कळणार?” ती कागदाकडे बघत राहिली. “मी इथलीच. माझ्या आईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या कागदावर इथे नोकरी मिळणार नाही, जायचं असेल तर जा. मी म्हटलं, जाते. रडले नंतर पुष्कळ, पण आईवर नाही चिडले कधी.” तिनं कागद खर्ड्यांवर ठेवला. “उद्या बैठकीत ठेवते. लाल शाई घेऊनच बसतील सगळे.”

“शाई लावली तर प्रकरणच काढून टाका.”

“दोन वर्षं घातलीत तुम्ही त्यात!”

“हो,” सर म्हणाले. आणि त्या क्षणी त्यांना खरंच ती बत्तीस पानं दिसली, छापलेली, गुळगुळीत, वर आपलं नाव. आपल्या आयुष्यात तेवढंच होणार होतं. “तरी काढा.”

शीटिंगनं माजी विद्यार्थ्यांच्या फोनवरच्या गटावर विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. साउखेंग बटरवर्थला मुलीकडे असते, चाळीस वर्षं त्याच कारखान्यात होती, शेवटी पर्यवेक्षक झाली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. “हा मुलीचा नंबर. फोन लावून देऊ?”

“नको, नको,” सरांनी दोन्ही हात पुढे केले. “पत्ता दे. आणि तिला विचारल्याशिवाय तिचं नाव घालू नका. चौदा आकडा घाला आणि पुढे जागा मोकळी सोडा.”

“ते पान शेवटी छापायला सांगते. पण छापणारा ओरडेल, नाव गळलं म्हणून.”

“ओरडू दे.”

घरी येऊन त्यांनी तिसरा खंड काढला. पत्र पिवळं पडलं होतं आणि घड्यांवर फाटायला आलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही, समोर फक्त उघडं ठेवलं, परीक्षेत प्रश्नपत्रिका ठेवावी तसं. मग मोठ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली, तिच्या डोळ्याचा विचार करून.

‘साउखेंग, हो. मला माहीत होतं.

तू बाकी काही लिहू नका म्हणाली होतीस, तरी एक लिहितो. शाळा वाचावी म्हणून मी तसं बोललो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे मला हसत होते आणि मला एक तरी मूल घेऊन परत जायचं होतं. ते मूल तू होतीस.

नंतरची सहा वर्षं सांगायला वेळ होता. तू कपाट संपवत होतीस आणि मला ते थांबायला नको होतं.

शताब्दीच्या ग्रंथात तुझ्या वर्गाची यादी आहे. तुझं नाव त्यात असावं की नसावं हे तू ठरव. तू कळवेपर्यंत जागा मोकळी राहील. काहीच कळवलं नाहीस तर तशीच राहील.’

वाचून पाहिलं. वाक्यं तुटक होती, शेवट चांगला झाला नव्हता. अकरा मसुद्यांमधलं एकेक गोळीबंद वाक्य त्यांना तोंडपाठ होतं, ती पुढे येऊ पाहत होती. सरांनी कागदाची घडी घातली. लानमोयनं दारातून बघितलं आणि त्यांची छत्री आणून खुर्चीला टेकवली.

टपाल कचेरीत दुपारी गर्दी नव्हती. खिडकीमागच्या तरुण मलय बाईनं पाकीट तोललं. “आजोबा, रजिस्टर करायचं का? समोरच्यानं सही केली की तुम्हाला पोच येते. हरवायची भीती नाही.”

पोच. साउखेंग दारात येईल, टपालवाला वही पुढे करील, ती चष्मा शोधत आपलं नाव लिहील, आणि ती सही इथे आपल्या हातात येईल. तिनं उत्तर दिल्यासारखंच होईल ते, तिनं न देता. सरांनी मान हलवली. “साधंच. सही नको तिच्याकडून.”

त्यांनी तिकिटं चिकटवली, कडा अंगठ्यानं दाबल्या, आणि बाहेर पेटीपाशी आले. पाकीट उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिनं उत्तर द्यावं असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, हे त्यांना समजत होतं, बराच वेळ ते पेटीवर पाकीट टेकवून पेन हातात धरून उभे राहिले, इतका की मागून आलेल्या माणसानं विचारलं, “टाकताय ना, काका?” मग त्यांनी घाईघाईनं, शाळेतल्या मुलाच्या अक्षरात, आपलं नाव आणि घराचा पत्ता लिहिला आणि पत्र आत सोडलं.